आधी पिन बघा, मग संगणक

घरातल्या जुन्या ग्रामोफोन रेकॉर्ड संगणकात कशा उतरवायच्या, यावर मागच्या अंकात चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न : सॉफ्टवेअर कुठलं चांगलं? त्याचं उत्तर इथंच उरकतो. ऑडॅसिटी घ्या. फुकट आहे, आणि घरच्या कामाला पुरून उरतं. ही पानं मला त्याच्या आधीच्या गोष्टींसाठी हवी आहेत. खोबणीतून जे पिनेनं उचललंच नाही, ते संगणक कुठून आणणार? दुकानात येणारी दहातली आठ तक्रारीची गाणी पिनेपाशी, पट्ट्यापाशी नाहीतर घाणीपाशी बिघडलेली असतात, आणि लोक महिनाभर माऊस घेऊन ती दुरुस्त करत बसलेले असतात.

पत्रं मोठी होती, कापून छापतो आहे. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

प्रश्न (गावभाग, सांगली) : २०१९ च्या पुरात सासऱ्यांच्या सगळ्या रेकॉर्ड पेटीसकट भिजल्या. कव्हरांचा लगदा झाला, काही लेबलं सुटली. तेव्हापासून पोत्यात बांधून माळ्यावर पडल्या आहेत. घरात सगळे म्हणतात टाकून द्या. खरंच गेल्या का हो काका त्या?

उत्तर : टाकू नका, वहिनी. त्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि धोक्याची पातळी आहे ४५. गावभागात काय झालं असेल ते हरभट रोडवाल्यांना सांगायला नको. पण एलपी (मिनिटाला ३३⅓ फेरे) आणि लहान ४५ फेऱ्यांच्या रेकॉर्ड प्लास्टिकच्या, म्हणजे व्हायनिलच्या असतात. पाण्यानं व्हायनिलला काही होत नाही. गेलं ते पुठ्ठा, कागद आणि लेबल. पाण्याबरोबर आलेला गाळ मात्र अजून खोबणीत बसलेला आहे, आणि खरा शत्रू तो.

आधी दोन ढीग करा. जड, जाड, कडेला टिचकी मारली की टणक वाजणाऱ्या दहा इंची तबकड्या वेगळ्या ठेवा. त्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या. हलक्या, थोड्या वाकणाऱ्या त्या व्हायनिलच्या.

व्हायनिलवरचा वाळलेला गाळ कोरड्या फडक्यानं पुसायला जाऊ नका. कृष्णेचा गाळ हाताला पिठासारखा मऊ लागतो, पण त्यात बारीक रेती असते. कोरडं घासलंत की ती रेती खोबणीच्या भिंतीवर फिरते आणि कायमची खरखर करून ठेवते. आधी भिजवा. पसरट टबात साधं पाणी, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एकच थेंब. लेबलावर डब्याचं झाकण दाबून धरा आणि तबकडी पाच-दहा मिनिटं पाण्यात फिरवत राहा. मग मऊ ब्रशनं खोबणीच्या दिशेनं, गोल गोल, जोर न लावता. आडवा ब्रश मारायचा नाही. गढूळ पाणी येईनासं झालं की शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा. बॅटरीत घालायला मिळतं तेच. बोअरचं पाणी वापरलंत तर वाळल्यावर क्षाराचा पांढरा थर बसतो आणि केलेली मेहनत पाण्यात जाते. वाळवायला स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यासारखी दुसरी सोय नाही. सावलीत, उभ्या. उन्हात ठेवल्या तर वाकतील, आणि वाकलेली रेकॉर्ड सरळ करायचे यूट्यूबवरचे उपाय, काचेखाली ठेवा, ओव्हनमध्ये ठेवा, हे मी माझ्या रेकॉर्डवर करणार नाही.

लाखेच्या ढिगाला मात्र बुडवायचं नाही. ओलसर फडकं, लगेच कोरडं फडकं, संपलं. आणि स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन, काहीही अल्कोहोलचं तिच्या जवळ नेऊ नका. सुतार पॉलिशसाठी चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात. तुमची तबकडीही त्याच लाखेची आहे, पहिल्या फडक्यालाच तिची चकाकी आणि गाणं दोन्ही फडक्यावर येईल. पांढरी बुरशी दिसली तर हे काम अंगणात करा, तोंडाला रुमाल बांधून.

लेबल सुटलेल्या तबकड्यांना अनाथ समजू नका. शेवटच्या खोबणीच्या आत, लेबलाच्या कडेला गुळगुळीत पट्टा असतो. त्यावर बारीक अक्षरात आकडा कोरलेला असतो. बॅटरीचा उजेड तिरका पाडा म्हणजे वाचता येईल. तो मॅट्रिक्स नंबर. त्यावरून कुठली रेकॉर्ड, कुठली बाजू, हे हुडकता येतं. धुण्याआधी प्रत्येकीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दोन्ही बाजूंचा.

प्रश्न (तासगाव) : आजोबांचा प्लेयर चालतो. रेकॉर्ड बेदाण्याच्या खोक्यात होत्या, एकदम कोऱ्या. पण लॅपटॉपला एकच बारीक भोक आहे. त्यात वायर लावून रेकॉर्ड केलं तर आवाज चिरका येतो, तबला ऐकूच येत नाही. यूएसबीवाला नवा प्लेयर घेऊ का?

उत्तर : थांबा भाऊ, पाकिटात हात घालायच्या आधी प्लेयरची मुंडी उलटी करून पिनेमागचा भाग बघा. कार्ट्रिज म्हणतात तो. सगळं त्याच्यावर आहे.

कार्ट्रिज दोन जातींची. जुन्या घरगुती प्लेयरमध्ये बहुधा क्रिस्टल किंवा सिरॅमिक असते. तिचा आवाज चांगला मोठा येतो आणि ती रेकॉर्डवर पाच-सात ग्रॅम, कधी त्याहूनही जास्त दाब देते. दुसरी मॅग्नेटिक. ही दोनेक ग्रॅमवर चालते, खोबणीला जपते, पण तिच्यातून येणारा सिग्नल फक्त चार-पाच मिलिव्होल्टचा असतो. तो वाढवायला फोनो प्रीअॅम्प लागतोच.

प्रीअॅम्पचं काम नुसतं वाढवण्याचं नाही. रेकॉर्ड कोरताना खर्जाचा भाग मुद्दाम कमी करतात आणि वरचा भाग चढवतात. खर्ज आहे तसा कोरला तर खोबण इतकी हेलकावेल की बाजूवर गाणं मावणार नाही. १९५४ च्या सुमारास आरआयएए नावाचं प्रमाण ठरलं आणि बहुतेक कंपन्यांनी ते उचललं. वाजवताना हा हिशोब उलटा करावा लागतो, आणि तो प्रीअॅम्प करतो. तो न लावता मॅग्नेटिक कार्ट्रिज थेट जोडलीत तर तुम्ही म्हणता तेच होतं : सगळं टिणटिणाट, डग्गा गायब. उलट सिरॅमिकला फोनो प्रीअॅम्प जोडला तर आवाज घुमतो आणि फाटतो. तिला तो लावायचा नाही. पण साध्या लाइन-इनला, म्हणजे बाहेरचा आवाज घ्यायच्या भोकाला, थेट जोडली तरी तिचा खर्ज गळतो. तिच्या प्लेयरच्या मागे ‘टेप’ लिहिलेलं पाच पिनांचं गोल सॉकेट असेल तर तिथून सिग्नल घ्या. स्पीकरच्या वायरी तोडून घेऊ नका.

आता ते लॅपटॉपचं भोक. ते हेडफोन आणि माइक यांचं मिळून असतं, आणि त्यातला माइक एकाच कानाचा असतो. तिथून स्टिरिओ जाणारच नाही. यूएसबीला लागणारी लहान साउंड डबी घ्या. बेहरिंगरची यूएफओ२०२ सारखी डबी घेतली तर तिच्यात फोनो प्रीअॅम्प आतच असतो. मॅग्नेटिकसाठी बटण फोनोवर, टेप सॉकेटसाठी लाइनवर. अर्थिंगची बारीक तार प्रीअॅम्पच्या स्क्रूला जोडा, नाहीतर ५० हर्ट्झची घूं येत राहील. तार जोडूनही घूं आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. बऱ्याचदा तिथंच मिटतं.

सूटकेससारखे स्वस्त यूएसबी प्लेयर मी कुणाला सुचवत नाही. त्यांत पुन्हा तीच जड सिरॅमिक पिन असते, आणि कोऱ्या रेकॉर्डवर ती फिरवायला माझं मन होत नाही.

पिन मात्र बदलाच. आजोबांच्या हयातीत शेवटची कधी बदलली होती, ते घरात कुणालाच सांगता येणार नाही. घड्याळजीकडचं भिंग लावून पिनेचं टोक बघा. चांगलं टोक गोल, एकच चमकता ठिपका. झिजलेल्याला दोन बाजूंना दोन सपाट चमकत्या कडा दिसतात, छिन्नीसारख्या. त्या कडांनी ती प्रत्येक फेऱ्याला खोबण तासत असते. पिनेला धुळीचा बोळा अडकलेला दिसला तर मागून पुढे, एकाच दिशेनं ब्रश फिरवायचा. फुंकर मारायची नाही, थुंकी उडते.

प्रश्न (विटा) : स्पीकरसमोर मोबाइल ठेवून रेकॉर्ड केलं तर चालणार नाही का? काम लगेच होतं.

उत्तर : भाचीला दाखवायला चालेल. जपून ठेवायला नाही. मोबाइल आवाज स्वतःच कमी-जास्त करत राहतो, त्यामुळे आलापी मोठी आणि तान बारीक होते. शिवाय तुमच्या क्लिपमध्ये कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत. मी ऐकली.

प्रश्न (मिरज) : आमच्याकडे सतारीचं काम चालतं. वडिलांकडे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ च्या तबकड्या आहेत. उतरवून पेटीवर सूर लावून बघितला, तर तो दोन पट्ट्यांच्या मधे पडतो. ओढून काळीवर आणू का? आणि एका तबकडीत लांब सूर डोलतो, खाँसाहेब तसे गात नव्हते.

उत्तर : या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. मिरजेतून खाँसाहेबांच्या सुराबद्दल विचारलं जावं, याहून बरं काय.

आधी डोलणारी तबकडी. तिच्या मधल्या भोकाचं केंद्र सरकलेलं असणार. वाजताना बाजूनं नजर लावा, हात डावी-उजवीकडे हलताना दिसेल. ७८ फेऱ्यांना एक फेरा साधारण पाऊण सेकंदाचा, सूरही तेवढ्याच अंतरानं वर-खाली होईल. भोक हलकंसं मोठं करून तबकडी बोटानं मधोमध आणणारे लोक आहेत, पण वडिलांची तबकडी कानशीनं घासायची की नाही हे तुम्ही ठरवा. डोलणं काही ठरावीक अंतरानं नसेल, कधीही येत असेल, तर तबकडी निर्दोष आहे आणि प्लेयरचा रबरी पट्टा किंवा आयडलर, म्हणजे ताट फिरवणारं रबरी चाक, कडक झालं आहे.

आता पट्टी. एक पट्टी चढली म्हणजे वेग सुमारे सहा टक्के वाढला. ७८ च्या जागी ८२-८३ फेरे. तेव्हा पेटीच्या आधी प्लेयर तपासा. स्ट्रोब चकती मिळते, किंवा छापून काढता येते. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर ३३⅓ साठी १८० रेघा, ४५ साठी १३३ आणि ७८ साठी ७७. चोकच्या जुन्या ट्यूबलाइटखाली रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसल्या की वेग बरोबर. एलईडीखाली बहुतेक वेळा नीट दिसत नाहीत. ट्यूब नसेल तर एलपीला सोपी युक्ती : कडेला कागदाचा कपटा चिकटवा आणि घड्याळ लावा, तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे व्हायला हवेत. ७८ ला डोळा पुरत नाही, मोबाइलवर स्लो मोशन घेऊन मोजा. पिन तबकडीवर ठेवूनच मोजायचं. मोकळं ताट जरा जास्त पळतं.

प्लेयर बरोबर निघाला आणि तरी सूर मधेच पडला, तर प्रश्न तबकडीचा. खाँसाहेबांचं पहिलं ध्वनिमुद्रण विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, नंतरच्या ओडियन कंपनीच्या तबकड्या १९३० च्या दशकातल्या. ७८ हा आकडा पक्का झाला तो विजेवरचं मुद्रण आल्यावर, १९२५ नंतर. त्याआधी ७० पासून ८० च्या वरपर्यंत वाट्टेल तो वेग असे. म्हणून तुमच्याकडची तबकडी ओडियनची असेल तर मी वेगाला हात लावणार नाही. जुनी असेल तर संशयाला जागा आहे.

पण दोन पट्ट्यांच्या मधे सूर पडला म्हणजे वेग चुकलाच, असं नाही. तंबोरा पेटीला विचारून लावतात असं थोडंच आहे, आणि त्या काळची पेटी आजच्या पेटीशी जुळेलच असं कुणी सांगितलं? शिवाय खाँसाहेबांचा आवाज मुळातच उंच. आजच्या पुरुष गायकांच्या पट्टीवर त्यांना उतरवलं तर आवाज जाडा होतो, शब्द आळसावतात. तेच कानाला लागलं पाहिजे : शब्द. बोलण्याचा वेग माणसासारखा वाटतो का, तबल्याची चाट मोकळी वाजते का. तुमच्या घरात तारेवर बोट ठेवून श्रुती सांगणारी माणसं आहेत, त्यांना ऐकवा आणि मग ठरवा.

बदलायचंच ठरलं तर ऑडॅसिटीत वेग आणि सूर एकत्र बदलणारा इफेक्ट वापरा. नुसता सूर बदलणारा वापरलात तर लय आहे तिथंच राहील आणि एका चुकीच्या दोन होतील. मूळ उतरवलेली फाइल न बदलता वेगळी ठेवा.

प्रश्न (कराड) : खरखर काढायला नॉइज रिडक्शन मारलं. खरखर गेली, पण गाणं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं. एका एलपीतला तंबोराच गेला!

उत्तर : जाणारच. हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या डोळ्यापुढे तंबोरा नव्हता. सतत, एकसारखा, गाण्याच्या मागे चालू राहणारा आवाज म्हणजे गोंगाट, हा त्याचा हिशोब. आपल्या संगीतात नेमका तोच पाया. त्यातून त्याला खरखरीचा नमुना देताना तुम्ही गाणं सुरू व्हायच्या आधीचा तुकडा निवडला असेल, आणि पुष्कळ शास्त्रीय एलपींवर त्या तुकड्यात तंबोरा आधीच सुरू झालेला असतो. म्हणजे तुम्हीच त्याला सांगितलंत, हा काढ.

नमुना घ्यायचा तो पिन टेकल्यापासून तंबोऱ्याची पहिली तार ऐकू येण्याआधीचा. सेकंद-दीड सेकंद मिळाला तरी पुरे. मिळत नसेल तर बाजू संपल्यानंतरचा घ्या. म्हणूनच मी सांगतो, रेकॉर्ड करताना पिन टेकायच्या आधी बटण दाबा आणि पिन उचलल्यावर बंद करा. मग कमी करायचं प्रमाण सहा डेसिबलच्या आत ठेवा. आणि त्याच खिडकीत ‘रेसिड्यू’ असा पर्याय आहे, तो निवडून ऐका. जे काढून टाकलं जाणार आहे तेवढंच त्यात वाजतं. नुसती खरखर ऐकू आली तर पुढे जा. त्यात तंबोऱ्याची जवारी किंवा गायकाचा ‘स’ ऐकू आला तर हात आखडा.

टिकटिक काढणाऱ्या क्लिक रिमूव्हलचीही तीच गत. तबल्याची चाट आणि खोबणीवरचा ओरखडा त्याला एकच वाटतात. द्रुत लयीत तिरकिट बोथट झालेलं मी कित्येक फाइलींत ऐकलं आहे. मोठे टक्कन वाजणारे चार-सहा ओरखडे असतील तर तेवढेच हातानं काढा : आलेख मोठा करत न्या, काट्यासारखं टोक दिसेल, तेवढंच निवडून ‘रिपेअर’. हा इफेक्ट एका वेळी १२८ सॅम्पलपर्यंतच, म्हणजे आलेखावरच्या १२८ ठिपक्यांपर्यंतच, चालतो, तेव्हा निवड बारीक हवी. कंटाळवाणं काम आहे, रेडिओ लावून करता येत नाही.

एक फुकटचा फायदा सांगतो. तुमची यादी बघितली, बरीचशी मोनो आहे, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज. ती स्टिरिओ पिनेनं वाजवा आणि नंतर डाव्या-उजव्या कानाचे आवाज मिसळून मोनो करा. मोनोचं गाणं खोबणीच्या आडव्या हेलकाव्यात असतं, पिनेच्या वर-खाली हलण्यातून येते ती निव्वळ घाण. मिसळलं की ती आपोआप कापली जाते आणि गाण्याच्या केसाला धक्का लागत नाही. नॉइज रिडक्शनच्या आधी हे करा. कदाचित पुढचं करावंसंच वाटणार नाही.

प्रश्न (फलटण) : फाइल एमपी३ ठेवू की आणखी काही? जागा किती लागते?

उत्तर : मूळ प्रत २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, फ्लॅकमध्ये. वेव्ह फाइल मिनिटाला सतरा एमबीच्या आसपास जाते, म्हणजे एलपीची वीस मिनिटांची बाजू साधारण साडेतीनशे एमबी. फ्लॅक तेच गाणं काहीही न गमावता जवळपास निम्म्यात बसवतं. एमपी३ गाडीत ऐकायला. रेकॉर्ड करताना सगळ्यात मोठी तान उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मीटर लाल झाला की आवाज फाटला, मग तो सांधता येत नाही. एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क भावाच्या घरी. फाइलच्या नावात कंपनीचा रेकॉर्ड नंबर आणि बाजू घाला, नुसतं ‘भैरवी २’ लिहिलंत तर पाच वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही.

प्रश्न (सातारा) : उतरवलेली गाणी यूट्यूबवर टाकली तर चालतं का?

उत्तर : स्वतःला ऐकायला उतरवून घेणं वेगळं, लोकांत वाटणं वेगळं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६० साली निघालेल्या रेकॉर्डचा २०२० अखेर संपला. पण गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते त्या माणसाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. बालगंधर्वांची १९३० च्या दशकातली तबकडी म्हणून मुद्रण मोकळं असेल, तरी पद कुणाचं आणि चाल कुणाची ते बघावं लागतं. तुमच्या यादीतली सत्तर-ऐंशीच्या दशकातली भावगीतं टाकू नका.

प्रश्न (पलूस) : माझ्या नव्या प्लेयरला ३३ आणि ४५ एवढेच वेग आहेत. घरात ७८ च्या पुष्कळ निघाल्या. काही उपाय?

उत्तर : आहे. भारतात ७८ च्या तबकड्या साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघत होत्या, त्यामुळे पुष्कळ घरांत त्या सापडतात.

पिन आधी. एलपीची पिन ०.७ मिलची, ७८ ची ३ मिलची. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एलपीची पिन ७८ च्या रुंद खोबणीत तळाशी जाऊन बसते, तिथं फक्त साठलेली भुकटी असते. गाणं भिंतींवर कोरलेलं आहे, तिथपर्यंत ती पोचतच नाही. तुमच्या कार्ट्रिजला ७८ ची वेगळी पिन मिळते का, ते दुकानात नंबर सांगून विचारा. मिळाली की तबकडी ४५ वर वाजवून उतरवा आणि संगणकात वेग १.७३३ पट करा. ऑडॅसिटीत ४५ वरून ७८ असा तयार पर्यायच आहे. सावकाश वाजल्यामुळे प्रीअॅम्पचा खर्ज-तीव्राचा हिशोब थोडा सरकतो, तो इक्वलायझरवर कानानं सांभाळा. सावकाश वाजवण्याचा फायदा असा, की वाकड्या किंवा चिरलेल्या तबकडीवरून पिन उडत नाही. चीर गेलेल्या ७८ मी तीन वेगांचा प्लेयर हाताशी असूनही ४५ वरच उतरवतो.

माळ्यावर चावीचा ग्रामोफोनही आहे असं लिहिलंय. त्याची लोखंडी सुई एका बाजूपुरती असते, दर बाजूला नवी घाला. त्यावर एलपी कुणाला लावू देऊ नका, पाहुण्यांच्या आग्रहाखातरसुद्धा नाही. ती सुई व्हायनिल नांगरून काढते.